जेटपॅक मागे झुकतो, जोड उघडतात, चंदेरी रंग तडकतो : तिन्हींचं मूळ शोधून दुरुस्ती

वेशभूषेसाठी जेटपॅकची, म्हणजे पाठीवर बांधून उडायच्या यंत्राची, प्रतिकृती करणाऱ्यांची तक्रार साधारण अशी असते. घरी आरशासमोर घालून पाहिला तेव्हा जेटपॅक पाठीला छान बसला होता. कार्यक्रमाच्या ठिकाणी तासभर फिरल्यावर वरची बाजू खांद्यांपासून सुटून मागे कलली आणि पट्टे काखेत रुतायला लागले. संध्याकाळपर्यंत एका बाजूच्या नळीचा जोड उघडला. घरी येऊन पाहिलं तर टाक्यांवरच्या चंदेरी रंगावर बारीक भेगा. मग गोंद बदलला, पट्टे आणखी आवळले, रंगाचा नवा हात दिला. पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तेच.

तीन वेगळे बिघाड समजून तीन वेगळे उपाय केले जातात, म्हणून हा त्रास परत परत येतो. बहुतेक वेळा तिन्हींची सुरुवात एकाच जागी असते : जेटपॅकचं वजन पाठीपासून फार लांब लटकतंय आणि ते पेलणारी मागची फळी वाकतेय. फळी वाकली की तिच्यावरचा प्रत्येक जोड ताणला जातो, आणि जोड हलला की त्यावरचा रंग तडकतो. तेव्हा डागडुजी फळीपासून सुरू करायची आणि रंगाकडे सगळ्यात शेवटी जायचं. हा क्रम उलटा केला तर रंगाचे पैसे वाया जातात.

उदाहरणासाठी मी खरं उडालेलं यंत्र घेतो : अमेरिकेतल्या बेल एरोसिस्टिम्स कंपनीचा रॉकेट बेल्ट. पोशाखासाठी प्रतिकृती करायला यासारखं दुसरं यंत्र नाही असं माझं मत आहे. आकार स्पष्ट, भाग मोजके, आणि प्रत्येक भागाला काम असल्यामुळे तो कुठे आणि का आहे हे समजतं. काल्पनिक जेटपॅक करत असाल तरी खालचं जवळपास सगळं लागू पडेल.

मूळ यंत्राचे पट्टे आणि आपले पट्टे

वेंडेल मूर या अभियंत्याने हे यंत्र घडवलं. २० एप्रिल १९६१ रोजी नायगारा फॉल्सच्या विमानतळाजवळ हॅरॉल्ड ग्रॅहमने दोरीच्या आधाराशिवाय पहिलं उड्डाण केलं. १३ सेकंदांत तो सुमारे ११२ फूट, म्हणजे ३४ मीटर गेला. त्याआधीच्या चाचण्या मूर स्वतः करत होते. त्यात पडून त्यांच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि उड्डाणं ग्रॅहमकडे आली. पुढे १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात बिल सूटर याच प्रकारचा बेल्ट लावून स्टेडियममध्ये उतरला, आणि जगभरातल्या प्रेक्षकांनी तो टीव्हीवर पाहिला.

पाठीवर तीन उभ्या टाक्या. बाहेरच्या दोन टाक्यांत ९० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, मधल्या टाकीत दाबाखालचा नायट्रोजन. नायट्रोजन पेरॉक्साइडला ढकलायचा, पेरॉक्साइड चांदीच्या जाळ्यांवरून गेलं की त्याचं विघटन होऊन सुमारे ७४० अंश सेल्सिअसची वाफ आणि ऑक्सिजन तयार व्हायचा, आणि खांद्यांच्या मागून दोन्ही बाजूंना वळलेल्या नळ्यांमधून तो झोत खाली जायचा. उजव्या हातात झोताचा जोर, डाव्या हातात वळण्याचं नियंत्रण. इंधन पुरायचं सुमारे २१ सेकंद.

भरलेल्या यंत्राचं वजन होतं सुमारे ५७ किलो. ते पाठीवर बसावं म्हणून उड्डाण करणाऱ्याच्या अंगाला बेतलेलं फायबरग्लासचं कवच होतं आणि त्यावर सगळी चौकट टेकलेली होती. फोटोंमध्ये आपण टाक्या आणि नळ्या बघत राहतो, हे कवच नजरेतून सुटतं. प्रतिकृतीत तेच गाळलं जातं आणि झुकण्याची सुरुवात तिथे होते.

आणखी एक गोष्ट. उड्डाणात यंत्र माणसाला वर उचलत होतं. फोटोत दिसणाऱ्या पट्ट्यांचं मुख्य काम होतं माणसाला यंत्राला धरून ठेवणं. आपल्या पोशाखात जोर नेमका उलटा आहे : यंत्र खाली आणि मागे खेचतंय, माणूस त्याला धरून आहे. म्हणून फोटो पाहून जसेच्या तसे पट्टे लावले आणि त्यांच्यावरच भार टाकला, तर दिसायला हुबेहूब होईल पण टिकणार नाही. दिसणारे पट्टे सजावट म्हणून जरूर लावा. भार पेलणारे पट्टे मात्र वेगळे, आतून, जॅकेटच्या किंवा कवचाच्या खाली घ्या.

आधी तपासणी

दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी चार गोष्टी बघा. पोशाख करणारा सोडून दुसरं एक माणूस मदतीला हवं.

जेटपॅक घालून सरळ उभे राहा आणि बाजूने फोटो काढून घ्या. शेजारी गवंड्याचा ओळंबा किंवा दोरीला बांधलेला नट टांगलेला असू द्या, म्हणजे उभी रेषा फोटोतच मिळते. मग वीसेक मिनिटं घरात फिरा, जिना चढा-उतरा, पुन्हा त्याच जागी उभे राहून फोटो घ्या. दोन्ही फोटोंत फळीचा कोन एकच असेल तर पट्टे घसरत नाहीत, झुकाव मुळातच आहे. दुसऱ्या फोटोत कोन वाढला असेल तर पट्टी बकलमधून सरकतेय.

फळीच्या वरच्या कडेत आणि पाठीत बोटं घालून बघा. तीन-चार बोटं सहज जात असतील तर वरची पकड कमी आहे किंवा फार खाली लावली आहे.

जागेवर हलक्या उड्या मारा. खालची कड पाठीवर आपटत असेल तर कंबरपट्टा नाही, किंवा आहे पण काम करत नाही.

शेवटी जेटपॅक उतरवून फळीचे समोरासमोरचे दोन कोपरे धरा आणि ओला कपडा पिळताना देतो तसा हलका पीळ द्या. फळी वळत असेल, आणि वळताना कुठे कुरकुर ऐकू येत असेल, तर तो आवाज पुढे उघडणाऱ्या जोडाचा आहे. तिथे पेन्सिलने खूण करा.

वजनाच्या आधी अंतर

झुकणारा जेटपॅक हलका करायच्या मागे सगळे लागतात. वजन कमी केल्याने फायदा होतोच, पण अंतर कमी केल्याने तो जास्त आणि फुकटात होतो. हिशेब सोपा आहे. वजनाला गुरुत्वमध्याच्या, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात त्या बिंदूच्या, पाठीपासूनच्या अंतराने गुणा. आलेल्या उत्तराला, वरचे पट्टे फळीला जिथे लावलेत तिथपासून फळीची खालची कड पाठीला टेकते तिथपर्यंतच्या उंचीने भागा. खांद्यांना मागे खेचणारा जोर मिळतो.

समजा जेटपॅक ३ किलोचा आहे, गुरुत्वमध्य पाठीपासून १८ सेंटीमीटर मागे आहे आणि ती उंची ३० सेंटीमीटर आहे. ३ गुणिले १८ भागिले ३० म्हणजे १.८ किलो. तुम्ही नुसते उभे असताना एवढा जोर खांदे सतत मागे ओढतोय, आणि चालताना प्रत्येक पावलाला झटका वेगळा. आता एक ग्रॅमही न काढता गुरुत्वमध्य १२ सेंटीमीटरवर आणा : १.२ किलो. वरचे पट्टे उचलून ती उंची ४५ सेंटीमीटर करा : ०.८ किलो. म्हणजे ओढ निम्म्याहून कमी झाली. याच परिणामासाठी वजन घटवायचं असतं तर ३ किलोचं दीड किलोच्याही खाली आणावं लागलं असतं.

गुरुत्वमध्य शोधायला पुन्हा ओळंबाच लागतो. जेटपॅकच्या बाजूच्या एका बिंदूला दोरी बांधून तो मोकळा टांगा, त्याच बिंदूतून ओळंबा सोडा आणि बाजूने फोटो घ्या. मग दुसऱ्या बिंदूपासून टांगून तेच करा. दोन्ही वेळा ओळंब्याची रेषा जेटपॅकवर खडूने काढली की त्या जिथे छेदतात तिथे गुरुत्वमध्य.

अंतर कमी करायचा माझा आवडता मार्ग म्हणजे टाक्या मागून सपाट करणं. पूर्ण गोल नळकांडं फळीवर ठेवलं की त्याचा अर्धा व्यास फुकट मागे जातो. पाठीकडची बाजू कापून छेद इंग्रजी डी अक्षरासारखा केला तर टाकी तीन-चार सेंटीमीटर पुढे येते आणि समोरून, मागून, बाजूने कुठूनच फरक कळत नाही. व्यास मात्र कमी करू नका. टाक्यांची एकमेकींशी असलेली जाडीची प्रमाणं ही या यंत्राची ओळख आहे. मधली टाकी बारीक केली तर जाणकार दुरूनच ओळखतो.

टाक्यांसाठी ११० मिलिमीटरचा ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप सगळ्यांना आधी सुचतो, कारण तो कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि गोलाई आयती मिळते. त्याचे तीन तुकडे काट्यावर ठेवून पाहा आणि मग ठरवा. त्यापेक्षा सनबोर्डच्या, म्हणजे फलकांसाठी वापरतात त्या हलक्या फोमच्या बोर्डच्या, चकत्या कापून त्यावर पातळ पीव्हीसी शीट गुंडाळलेली टाकी कितीतरी हलकी होते, आणि डी आकाराची चकती कापायला काहीच कष्ट नाहीत. अग्निशामकाची जुनी नळकांडी किंवा कुठलाही गॅसचा सिलिंडर, रिकामा असला तरी, वापरू नका. वजन तर आहेच, शिवाय गर्दीत दाबाचं भांडं पाठीवर घेऊन फिरायचं कारण नाही. खऱ्या यंत्रातल्या रसायनांच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका.

फळी आणि पट्टे

फळीसाठी ४ मिलिमीटरचा प्लाय पुरतो, पण एकटा नाही. त्याच्या मागे २० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमच्या दोन उभ्या पट्ट्या बोल्टने कसा. या उभ्या पट्ट्यांमुळे फळीचं वाकणं बरंच कमी होतं. बोल्टला नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला नट, घाला. साधा नट चालण्याच्या हादऱ्याने सैल होतो आणि कार्यक्रमात तो घसरून पडल्याचं कळतही नाही. डोकी पाठीकडे येणार असतील तर त्यावर १० मिलिमीटरचा ईव्हीए फोम, म्हणजे रबरासारखा मऊ फोम, लावा. पाठीच्या कण्याच्या रेषेत फोमला उभी खाच ठेवा. हाड टोचत नाही आणि हवा खेळते, मे महिन्यात मुंबईत ही खाच किती कामाची आहे ते घातल्यावर कळतं.

फळीची वरची कड मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या हाडाच्या पातळीला येऊ द्या. मुख्य पट्टे त्या कडेपासून दोन-तीन सेंटीमीटर खाली लावा. बहुतेक झुकणाऱ्या जेटपॅकमध्ये हे पट्टे फळीच्या मध्याजवळ सापडतात, कारण शाळेच्या दप्तराचे पट्टे उचलून लावलेले असतात. ट्रेकिंगच्या सॅकला खांद्याच्या वर एक छोटी तिरकी पट्टी असते, ती फळीच्या माथ्यापासून खांद्याच्या पट्ट्यावर गळ्याच्या हाडाजवळ आणा. मागे पडणारा माथा तीच पुढे खेचते. ही एक पट्टी लावल्याने जेवढा फरक पडतो तेवढा बाकी सगळं आवळून पडत नाही.

छातीवरचा आडवा पट्टा खांद्याचे पट्टे बाहेर घसरू देत नाही. कंबरपट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर बसवा. जुन्या सॅकचा जाड कंबरपट्टा मिळाला तर उत्तम. तो फळीच्या खालच्या कडेला पक्का असेल तर उभा भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो.

नायलॉनची पट्टी आणि बकलं बॅग दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळतात. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअर घेताना तिथेच चौकशी करा. पट्टी बकलमधून घसरत असेल तर नव्वद टक्के वेळा तिचं मोकळं टोक परत मागे ओवलेलं नसतं. तीन दांड्यांच्या बकलमधून पट्टी आणा, वळवा आणि पुन्हा त्यातूनच मागे न्या. मग तिच्यावर भार आला की ती स्वतःलाच आवळते. कापलेलं टोक लायटरने वितळवून घ्या. फळीला पट्टी जोडताना तिच्यात ड्रिलने भोक पाडू नका, धागे तुटतात. फळीत लांबट खाच करा, तिच्या कडा कानशीने गोल करा, पट्टी त्यातून फिरवून चौकोनात फुली अशी शिवण घालून घ्या. बॅगवाला किंवा चांभार जाड सुईने ही शिवण पाच मिनिटांत घालून देतो आणि घरच्या मशीनपेक्षा ती कितीतरी भरवशाची असते.

हँडल आणि वळलेल्या नळ्या

यानंतरचा नेहमीचा बिघाड कोपरांच्या खालून पुढे येणाऱ्या दोन दांड्यांचा. हात टेकायला जागा दिसली की माणूस हात टेकतो, प्रत्येक फोटोसाठी मुठी घट्ट आवळतो, आणि तो सगळा जोर दांडी जिथे फळीला मिळते तिथल्या चार इंचांवर येतो. कितीही एपॉक्सी भरा, तो जोड सुटणार. उपाय एकच : डाव्या मुठीपासून फळीमागून उजव्या मुठीपर्यंत ॲल्युमिनियमची एकच अखंड पट्टी वाकवून घ्या. जोड राहिलाच नाही तर सुटणार काय! ही पट्टी फळीच्या उभ्या पट्ट्यांना बोल्टने कसली की चौकट पूर्ण होते, आणि वरून फोम किंवा पाइपचं आवरण नुसतं दिसण्यापुरतं राहतं.

या दांड्यांचा दुसरा फायदा सहसा कुणी घेत नाही. त्या पुढे येतात, म्हणजे त्यांचं वजन झुकावाच्या विरुद्ध बाजूला आहे. वजनदार काही ठेवायचंच असेल, बॅटरी किंवा आवाजाचं मॉड्यूल, तर ते टाकीत लपवण्यापेक्षा मुठींमध्ये किंवा दांड्यांच्या पुढच्या भागात ठेवा. मूठ स्कूटरच्या ॲक्सिलरेटरसारखी फिरणारी केली तर मूळ यंत्राशी जुळेल, पण फक्त उजवी. डाव्या हाताचं काम वेगळं होतं.

खांद्यांवरून वळणाऱ्या नळ्यांना इलेक्ट्रिशियन वापरतात तो २५ मिलिमीटरचा पीव्हीसी कंड्यूट पुरतो. एल्बो लावून वळण आणू नका. एल्बोचा जोड दुरूनही नळकाम वाटतो आणि नेमका तिथेच उघडतो. नळीचं एक टोक बंद करून त्यात कोरडी बारीक वाळू ठासून भरा, दुसरं टोक बंद करा, हीट गन सतत फिरवत वळणाचा भाग मऊ होईपर्यंत तापवा आणि प्लायवर ठोकलेल्या खिळ्यांच्या साच्याभोवती सावकाश वळवा. वाळूमुळे नळी चिमटत नाही. गार होईपर्यंत हलवू नका. दोन्ही नळ्या एकाच साच्यावर केल्या तर डावी-उजवी जुळते. हे काम गच्चीत किंवा खिडकी उघडून करा, पीव्हीसी करपू देऊ नका. त्याचा धूर वाईट असतो.

मूळ नळ्यांवर उष्णतारोधक वेष्टण होतं, कारण त्या माणसाच्या अंगाजवळून जात होत्या. ते दाखवायला सुती क्रेप बँडेज पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून अर्ध्यावर अर्धा थर येईल असं तिरकं गुंडाळा. वाळल्यावर ते कडक होतं, नळीला ताकदही देतं, आणि रंग देण्याआधीच खरं वाटायला लागतं. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रतिकृतीत सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त जीव आणणारी ही एक गोष्ट आहे. झोताची तोंडं सरळ जमिनीकडे आहेत ना ते ओळंब्याने तपासा. ती बाहेर फाकली की यंत्र मोडल्यासारखं दिसतं.

फोमचे जोड

फळी ताठ केल्यावरही जोड उघडत असतील तर मग गोंदाकडे बघा. हॉट ग्लू भार पेलणाऱ्या जोडाला वापरू नका. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तो मऊ पडतो, आणि कार्यक्रमाला जाताना पोशाख नेमका डिकीतच असतो. ईव्हीए फोमला रबराचं सोल्यूशन, म्हणजे फेविकॉल एसआर किंवा तत्सम, लागतं. ते दोन्ही पृष्ठभागांवर लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं आणि जोरात दाबायचं. ओलं असताना जोडलं तर आतला द्रव बाहेर पडायला वाट राहत नाही आणि वरून पक्का वाटणारा जोड आतून मऊच राहतो.

पावसाळ्यात यात आणखी एक अडचण येते. द्रव उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. थर पांढुरका दिसला तर तो जोडू नका. हीट गनने लांबून कोमट करून ओल जाऊ द्या, मग दाबा. याच सोल्यूशनची वाफ डोक्यात जाते आणि पेटते, तेव्हा शेजारी आगीची वस्तू नको आणि खोली बंद नको. हीट गनसुद्धा थर पूर्ण सुकल्यावरच.

रंग, आणि कुठे काय चमकलं पाहिजे

चंदेरी रंग तडकण्याचं कारण स्पष्ट आहे. कडक रंग मऊ फोमवर बसलाय. फोम दाबला की तो आत जातो, रंगाचा पापुद्रा जाऊ शकत नाही. फोमवर आधी हीट गन फिरवून छिद्रं बंद करावीत हे बरोबर, त्यानंतर लवचीक थर हवा हेही बरोबर. गच्चीवर लावतात तो लवचीक ॲक्रिलिक वॉटरप्रूफिंगचा थर यासाठी चांगला आणि स्वस्त आहे. फेविकॉलचे हात देऊनही काम होतं, पण तो थर घामाने आणि पावसाळी हवेने पुन्हा मऊ होतो आणि त्यावरचा रंग सुटून येतो. नळ्यांच्या वेष्टणावरही म्हणून वरून रंगाचा सलग थर हवाच.

अडचण अशी की रबरी थर घासून गुळगुळीत करता येत नाही, आणि आरशासारखी चमक गुळगुळीत पृष्ठभागाशिवाय येत नाही. म्हणून एकच नियम ठेवा : जे चमकायला हवं ते कडक वस्तूचं करा, जे वाकणार आहे ते मॅट ठेवा. मूळ यंत्रातही टाक्या चकचकीत आणि कवच, वेष्टण, पट्टे निस्तेज आहेत, त्यामुळे नियम पाळताना दिसण्यात काहीच गमवावं लागत नाही.

टाक्यांच्या सरळ भागाला क्रोम व्हायनल लावा. गाड्यांचे स्टिकर कापून देणारे रेडियमवाले ते ठेवतात. पृष्ठभागावर साबणाचं पाणी फवारून व्हायनल टेकवा, मधून कडेकडे पाणी सारत न्या. क्रोम खालची प्रत्येक कणी दाखवतं, तेव्हा त्याआधी शीट स्वच्छ पुसणं हे निम्मं काम आहे. सांधा पाठीकडच्या सपाट बाजूला येऊ द्या. घुमटासारख्या टोकांवर मात्र व्हायनल नीट बसत नाही, सुरकुत्या पडतात. तिथे मी पातळ पत्र्याच्या स्टीलच्या वाट्या सुचवेन. भांड्यांच्या दुकानात व्यास मोजायला टेप घेऊन जा, काठ दुमडलेला नसेल अशा निवडा, आतल्या बाजूला रफ पॉलिश पेपरने घासून एपॉक्सीने चिकटवा. खऱ्या धातूची चमक कुठल्याही रंगाला येत नाही. खालची टोकं कुणी निरखून पाहत नाही. तिथे स्टील घालून वजन वाढवू नका. व्हायनल आणि वाटी यांच्या छटा थोड्या वेगळ्या दिसतील, त्यांच्या जोडावर बोटभर रुंदीची मॅट पट्टी दिली की नजर फरक पकडत नाही.

स्प्रेनेच क्रोम करायचं असेल तर खाली चकचकीत काळा थर पूर्ण वाळवून घ्या आणि त्यावर चंदेरी अगदी पातळ धुक्यासारखा मारा. जाड मारलात की करडा होतो. वरून साधं लॅकर मारलं की चमक मरते. बऱ्याच जणांचं क्रोम शेवटच्या याच हाताने जातं. लॅकर न मारता हात लागणाऱ्या जागा टाळा. पट्टा टाकीला घासत असेल तर पट्ट्याची जागा बदला, रंगावर संरक्षक थर चढवू नका.

शेवटी जुनेपणा दाखवण्याबद्दल. झोताच्या तोंडांवर काळी काजळी फासायची सवय सगळीकडे दिसते. या यंत्रात जाळ नव्हता. वाफ आणि ऑक्सिजन, त्यात काजळी येणार कुठून? नारिंगी एलईडीची ज्वाळाही त्यामुळे चुकीची. तापलेल्या स्टीलवर चढतात त्या छटा द्या : तोंडाच्या कडेला निळसर, त्याच्या वर जांभळट, मग गवती पिवळा आणि पुढे स्वच्छ धातू. पातळ केलेल्या पारदर्शक शाईचे हात कोरड्या स्पंजने टिपत गेलात तर त्या एकमेकींत मिसळतात. दोन्ही तोंडांवर छटा अगदी सारख्या नकोत. कवचावर मळ द्यायचा तर जिथे हात लागतो तिथे द्या, बकलांभोवती आणि मुठींवर. टाक्या मात्र स्वच्छ ठेवा. ९० टक्क्यांच्या पेरॉक्साइडमध्ये मळ गेला तर ते भलत्या जागी विघटित होऊ शकतं. हे यंत्र सांभाळणारी माणसं ते काटेकोरपणे साफ ठेवत असणार, आणि तुमच्या प्रतिकृतीत ते दिसलं पाहिजे. वॉशिंग्टनजवळ शँटिली इथे स्मिथसोनियन संग्रहालयाच्या उडवर-हेझी केंद्रात मूळ बेल्ट आहे. त्याचे जवळून घेतलेले फोटो समोर ठेवूनच नळ्यांची वेटोळी आणि नटांच्या जागा ठरवा.

लहान मुलासाठी, शाळेच्या वेशभूषा स्पर्धेसाठी करत असाल तर यातलं बरंच सोडून द्या. दोन लिटरच्या बाटल्या, पाठीला शक्य तितक्या चिकटून, छातीवर फुलीसारखे पट्टे आणि एका ओढीत उघडणारं वेल्क्रो. गळ्याभोवती काहीही अडकवू नका. स्टीलच्या वाट्याही नकोत, त्याऐवजी प्लास्टिकचे बाऊल.

मोठ्यांसाठी दुरुस्ती झाल्यावर पुन्हा तीच तपासणी करा : ओळंब्याजवळचा फोटो, वीस मिनिटं चालणं, फोटो. कोन बदलला नसेल तर एक दिवस तसाच टांगून ठेवा आणि पेन्सिलच्या खुणांजवळचे जोड बघा. तिथे काही उघडलं नसेल तरच रंगाला हात लावा. कार्यक्रमाला जाताना दांड्यांचे बोल्ट काढून त्या वेगळ्या न्या, लोकलमध्ये किंवा रिक्षात त्याच पहिल्या अडकतात. खिशात एक पान्ना, दोन जादा नायलॉक नट, हातभर नायलॉन पट्टी आणि एक तीन दांड्यांचं बकल ठेवा.